ग्राफ्टचा रेट छापता, मग डॉक्टरचं नाव कुठाय?

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरच्या रविवारच्या पुरवणीत हेअर ट्रान्सप्लांटची, म्हणजे डोक्यामागचे केस मुळासकट काढून पुढच्या टकलावर लावायच्या ऑपरेशनची जाहिरात असते, कधी पाव पान कधी अर्धं, आणि त्यात सगळं असतं, बिफोर-आफ्टरचे फोटो, ईएमआय, पाडव्याची खास ऑफर, 'अनलिमिटेड ग्राफ्ट' (ग्राफ्ट म्हणजे मुळासकट काढलेला केसांचा बारीक पुंजका), फक्त तुमच्या डोक्याला भोकं पाडणारा माणूस कोण ते नसतं. नाव नाही, डिग्री नाही, रजिस्ट्रेशन नंबर नाही. माझी तक्रार तेवढीच आहे पण जरा सविस्तर लिहितो, कारण मी सलूनवाला आहे, सांगलीत वडलांपासूनचं दुकान आहे, आणि ज्यांनी हे ऑपरेशन करून घेतलंय त्यांच्या डोक्याची मागची बाजू त्यांच्या घरच्यांपेक्षा मी जवळून बघतो.

गिऱ्हाइकाने सांगितलं नाही तरी केस कापायचं मशीन लावलं की कळतं. जुनी पद्धत एफयूटी, त्यात मागून कातडीची एक लांब पट्टीच कापून काढतात, टाके घालतात आणि त्या पट्टीतली मुळं मायक्रोस्कोपखाली सुटी करून पुढे लावतात. अशा माणसाला दोन नंबरचं मशीन मारलं, म्हणजे केस बारीक केले की एका कानामागून दुसऱ्या कानामागे जाणारी पांढरी रेघ उघडी पडते, म्हणून मी आधीच सांगतो की साहेब जरा लांबच ठेवूया. आता बहुतेक जण एफयूई करतात. त्यात पट्टी नाही, एक मिलिमीटरच्या आसपासचा गोल पंच (भोक पाडायचं हत्यार) घेऊन एकेक मूळ बाहेर काढतात, टाके नाहीत, म्हणून जाहिरातीत 'नो स्कार' लिहितात. ते काही खरं नाही. प्रत्येक छिद्राचा बारीक पांढरा ठिपका राहतो, झिरो मारला, म्हणजे केस अगदी तासले की दिसतो. नीट पसरून काढलेलं असेल तर कुणाच्या बापाला कळत नाही हे मात्र मान्य, मी स्वतः दोनदा बघितल्याशिवाय ओळखलं नाही अशी गिऱ्हाइकं आहेत माझ्याकडे. पण एकाच पट्ट्यातून ओरबाडून काढलं असेल तर मागचं डोकं कसर लागलेल्या स्वेटरसारखं दिसतं, मग कितीही फेड (खाली बारीक होत जाणारा कट) मारा, लपत नाही, आणि त्याला माझ्याकडे काय, पुष्कळदा डॉक्टरांकडेही फारसा इलाज नसतो.

सफायर, डीएचआय, बायो अमुक तमुक ही पद्धतींची नावं ऐकून पोरं हुरळतात. सफायरमध्ये छेद द्यायचं पातं नीलमचं असतं, डीएचआयमध्ये पेनासारख्या इम्प्लांटरने मूळ आत सोडतात. काढायचं काम सगळीकडे जवळपास तेच, हात कुणाचा यावर सगळं.

आता 'अनलिमिटेड' बद्दल. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेन्ट्राइक नावाच्या डॉक्टरने १९५२ मध्ये टक्कल पडलेल्या माणसावर हे ऑपरेशन केलं आणि पुढे दाखवून दिलं की मागचे केस पुढे लावले तरी ते मागच्यासारखेच वागतात, म्हणजे पुढचे ज्या हार्मोनमुळे झडतात त्याला ते दाद देत नाहीत. सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे. पण याचाच दुसरा अर्थ असा की माल फक्त मागे आणि कानाच्या वर थोडा, तिथून काढलेलं तिथे परत उगवत नाही, आणि डोकं उघडं न पाडता आयुष्यभरात साधारण पाच-सहा हजार ग्राफ्ट निघतात, काहींचे त्याहूनही कमी. मग अनलिमिटेड कुठून आणणार? शिवाय ग्राफ्ट म्हणजे एक केस नव्हे, एका ग्राफ्टमध्ये एकापासून चारपर्यंत केस असतात, त्यामुळे कोण केस मोजून सांगतं आणि कोण ग्राफ्ट हे रेट विचारतानाच विचारून घ्यावं, नाहीतर दोन हजार केसांचा भाव स्वस्त वाटतो आणि ग्राफ्ट हातात अर्धेच पडतात.

बावीस-तेवीसची पोरं मोबाईलवर कुठल्यातरी हिरोचा फोटो दाखवतात, अशी हेअरलाईन पाहिजे. क्लिनिकवालाही हो म्हणतो, त्याचं काय जातंय. पण या वयात गळती अजून चालूच असते, लावलेले केस पुढे तसेच राहतात आणि त्यांच्या मागचे स्वतःचे मागे मागे सरकत जातात, मग चाळिशीत कपाळावर केसांची एक पट्टी आणि तिच्यामागे मोकळं रान, आणि तोवर मागचा साठाही संपलेला. चांगला डॉक्टर अशा पोराला आधी वर्षभर औषध घे म्हणतो. औषधं म्हणजे मुख्यतः दोनच, मिनॉक्सिडिल, जे मुळात बीपीचं औषध, आणि फिनास्टेराइड, ज्याला केसांसाठी अमेरिकेत १९९७ मध्ये मंजुरी मिळाली. फिनास्टेराइडने थोड्या लोकांना लैंगिक तक्रारी होतात, हे पोरं डॉक्टरला विचारायला लाजतात आणि खुर्चीत बसून मला विचारतात. मी सांगतो की बाबा हे डॉक्टरलाच विचार, लाजू नको, त्याने टाळलं तर डॉक्टर बदल.

बाकी मला विचारले जाणारे प्रश्न ठरलेले. दुखतं का? बधिर करायची इंजेक्शनं टोचताना दुखतं, नंतर नाही, पण सहा-आठ तास पडून राहणं हीच शिक्षा. तोंड सुजतं का? दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कपाळ सुजून सूज डोळ्यांवर उतरू शकते, चार-पाच दिवसात जाते, म्हणून उशी उंच करून झोपायला सांगतात. हेल्मेट? सुरुवातीचे दिवस नाहीच, म्हणजे बाईक पण नाही. खपल्या दहा-बारा दिवसात पडतात, नखाने काढायच्या नाहीत, मूळ पण येईल. आणि दुकानात कटिंगला कधी येऊ, तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत मी वस्तराही लावत नाही आणि मशीनही नाही.

सगळ्यात जास्त घबराट होते ती तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. लावलेले केस झडायला लागतात! आंघोळीला बसला की हातात येतात. पैसे बुडाले म्हणून माणूस रडकुंडीला येतो. खरं तर केस गळून पडतो, मूळ आत असतं, नवीन केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून यायला लागतो आणि पूर्ण रिझल्ट दिसायला वर्ष लागतं, टाळूवर त्याहून जास्त. हे आधी कोण सांगत नाही. आमच्याकडे लग्नाची तारीख निघाली की नवरदेव पळत क्लिनिक गाठतो, महिन्यावर लग्न, आणि नेमका बोहल्यावर उभा राहायच्या वेळेला डोकं आधीपेक्षा विरळ. सुपारी फुटली की जायचं नाही, स्थळं बघायच्या आधी वर्षभर जायचं, असं मी आता उघडच सांगतो.

आणि गोल चट्टे पडून केस जातात, ज्याला आपण चाई म्हणतो, किंवा अचानक झुपके हातात येतात, त्याला ट्रान्सप्लांट हा इलाजच नाही. २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये लोकांना तीन-चार दिवसात टक्कल पडलं, पुढे कारण म्हणून सेलेनियम या खनिजद्रव्याची चर्चा झाली, अनेकांना केस परत आले. अशा वेळी घाईने ट्रान्सप्लांट करून घेणारा फसतो.

आता मूळ मुद्दा. २०१९ मध्ये मुंबईत एक ४३ वर्षांचे व्यापारी ट्रान्सप्लांटनंतर दगावले, एका बैठकीत नऊ हजारांवर ग्राफ्ट लावल्याच्या बातम्या होत्या, ऍलर्जीच्या रिऍक्शनचा संशय होता. कानपूरमध्ये ट्रान्सप्लांटनंतर दोन इंजिनिअर दगावले, तिथे २०२५ मध्ये एका डेंटिस्टवर गुन्हा दाखल झाला. बधिर करायच्या औषधाला वजनाप्रमाणे मर्यादा असते, ती ओलांडली तर फिट येऊ शकते, हृदय बंद पडू शकतं, तेव्हा शेजारी टेक्निशियन असून उपयोग काय? देशातल्या डॉक्टरांचे नियम ठरवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय की हे काम प्लास्टिक सर्जरी किंवा त्वचारोगाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच करायचं, वर्कशॉपमध्ये किंवा यूट्यूबवर बघून शिकणं पुरेसं नाही (हो, यूट्यूबचा उल्लेख त्यांनीच केलाय), आणि इमर्जन्सीची सोय पाहिजे. डेंटल कौन्सिलने नंतर जबड्याच्या सर्जननाही चालतं म्हटलं, त्यावर डॉक्टरांचे आपापसात वाद आहेत, ते त्यांनी मिटवावेत. पण पंच कोण धरतो हे पेशंटला आधी कळायला नको का? डॉक्टर येतो, पेनाने हेअरलाईन आखतो आणि निघून जातो, बाकी दिवसभर टेक्निशियन पोरं काम करतात, असं मला किती जणांनी सांगितलंय.

एका क्लिनिकचा माणूस माझ्या दुकानात पण येऊन गेला. गिऱ्हाईक पाठवा, प्रत्येकामागे एवढे टक्के, बोर्ड पण लावून देतो म्हणाला. मी चहा पाजून पाठवला. डॉक्टरने पेशंटमागे कमिशन द्यायचं नाही आणि जाहिरात करून पेशंट ओढायचा नाही असं डॉक्टरांच्या २००२ च्या नियमावलीतच आहे. सरकारसुद्धा केस लावणं ही आरोग्यसेवा धरत नाही, जन्मजात दोष किंवा अपघात सोडला तर बिलावर जीएसटी लागतो. म्हणजे कर लावताना दुकान, आणि काही बिघडलं की म्हणे मेडिकल रिस्क.

म्हणून विनंती एवढीच की आपल्या पेपरात अशी जाहिरात घेताना ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरचं नाव, डिग्री आणि मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक त्यात असल्याशिवाय घेऊ नका. जाहिरात विभागाने एक ओळ सक्तीची केली की झालं. नंबर छापला तर वाचक नॅशनल मेडिकल कमिशनच्या वेबसाईटवर किंवा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पाच मिनिटात तपासू शकतो. आणि हे पत्र छापलंत तर कृपया त्याच रविवारच्या पुरवणीत छापा, जाहिरात असते तिथेच कुठेतरी.

आपला,
एक सलूनवाला, सांगली