‘आधी बॉलला लागलं’ ही सबब नव्हे

मा. संपादक,
स. न.

टीव्हीवरच्या फुटबॉलमधले जबर टॅकल (समोरच्याच्या पायातला चेंडू काढायला घातलेली धडक) बेळगाव-खानापूरची पोरं मैदानात गिरवतात आणि शिट्टी वाजली की ओरडतात, ‘सर, आधी बॉलला लागलं!’ फाऊल आणि कार्डांबद्दलच्या फुटबॉलच्या नियम 12 मध्ये ही सबब कुठेच नाही. निष्काळजी टॅकलला फ्री किक, बेपर्वा टॅकलला पिवळं कार्ड, अतिरेकी बळाला लाल. चेंडू मिळो वा न मिळो. 2008 मध्ये इंग्लंडमधल्या आर्सेनल क्लबच्या एदुआर्दोचा पाय टॅकलमध्ये मोडला, तेव्हा तो टॅकल करणाऱ्या बर्मिंगहॅमच्या मार्टिन टेलरला लालच मिळालं.

टेकलेल्या पायाच्या बुटाचे स्टड (तळाचे खुंट) जमिनीत रुतलेले असतात. पाय सरकत नाही आणि समोरच्याचं सगळं वजन नडगीवर येतं. नडगी वाचली तर गुडघा पिळवटून एसीएल (गुडघ्यातला अस्थिबंध) तुटतो; मग शस्त्रक्रिया आणि निदान 9 महिने बाहेर. शिनगार्ड (नडगीवरचं कवच) खरचटणं वाचवतं, हाड मोडणं क्वचितच. त्यातही हल्ली काडेपेटीएवढे शिनगार्ड घालायची फॅशन!

स्पर्धेच्या आयोजकांनी बक्षिसाच्या ढालीआधी स्ट्रेचर आणि फळ्या आणाव्यात. मोडलेला पाय ओढून सरळ करू नये, चोळू तर मुळीच नये. आहे त्या स्थितीत, वरच्या-खालच्या सांध्यासकट फळीला बांधावा. शस्त्रक्रिया लागू शकते, म्हणून पाणीही पाजू नये.

– एक फुटबॉलप्रेमी, बेळगाव