कपडेपटातल्या ताईंना जाहीर थँक्यू

ताई, समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "बास झालं, टेबल आवर आधी" म्हणून विषय उडवता, म्हणून आता इथे सगळ्यांसमोरच लिहितेय.

शिवणकाम मला येत होतंच हो. पण नाटकाचे कपडे शिवणाऱ्या वर्करूमची हेड झाल्यावर कळलं की मशीनवर बसायला वेळच मिळत नाही, दिवसभर नुसतं कोणाला काय काम कधी द्यायचं हेच चालू असतं. ते तुमच्याकडून शिकले. रंगीत तालमीची तारीख भिंतीवर लावायची आणि तिथून उलटं मोजत यायचं, शेवटचं फिटिंग, त्याआधी कच्च्या शिलाईचं, त्याआधी मांजरपाटाचा, म्हणजे साध्या स्वस्त सुती कापडाचा नमुना, आणि नमुना पास झाल्याशिवाय भारी कापडाला कात्री लावायची नाही म्हणजे नाही, वेशभूषाकार कितीही घाई करू देत.

फिटिंगला नट आरशासमोर ताठ उभा राहून "मस्त बसलाय" म्हणतो, तेव्हा तुम्ही त्याला खाली बसायला लावायचात, वाकायला, तलवार उपसायला, भूमिकेत जे जे करायचंय ते सगळं. एकदा एका कोटात हात वर केला की अख्खा कोट कानापर्यंत यायचा. आम्ही सगळे म्हणालो मुंढा, म्हणजे बाही जोडतात ते भोक, मोठा करूया, तुम्ही म्हणालात उलट करा, मुंढा वर चढवा, बगलेच्या जवळ आणा आणि बाहीला बगलेत कापडाच्या तुकड्याचा जोड द्या. वेड्यासारखं वाटलं होतं ऐकायला, पण मुंढा जितका खाली तितका हात उचलला की कोट सोबत ओढला जातो, हे त्या दिवशी टाचण्या लावताना डोळ्यांनी बघितलं.

आणि माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड! बाजूच्या आणि पाठीच्या शिवणीत भरपूर माया ठेवायची, कारण उद्या नट बदलला तर तोच कोट दुसऱ्याच्या अंगावर चढवायचाय. दुकानातल्या कपड्यासारखं आतून कापून साफ करू नका, हे मी आता नवीन मुलांना रोज सांगते, अगदी तुमच्याच टोनमध्ये (हसतात मागून, माहितीये मला).

सगळ्यात मोठं थँक्यू मात्र दरवाजात उभं राहिल्याबद्दल. ऐनवेळी कॉलर बदला, रंग बदला असं कोणी थेट कारागिराच्या टेबलाशी जाऊन सांगायला लागलं की तुम्ही मधे यायचात, "मला सांगा, मी बघते कुणाला द्यायचं ते." आणि ज्या बदलाला वेळ नाही त्याला तोंडावर नाही म्हणायचात, आवाज न चढवता. ते मला अजून नीट जमत नाही, माझा चढतोच.

एका गोष्टीवर मात्र आपलं पटणार नाही, वेल्क्रो. शांत प्रवेशात त्याचा फर्रर्र आवाज शेवटच्या रांगेत जातो हे मान्य, पण विंगेत झटपट कपडे बदलायचे असतील आणि स्टेजवर ढोल-ताशे चालू असतील तर काय हरकत आहे हो? पुढच्या नाटकात नेमकं तेच आहे, अख्खा अंगरखा मागून उघडायचा. नमुन्याचे फोटो रात्री पाठवते, शिव्या फोनवर घाला.