पिन तुटली आणि उद्यमनगर आठवलं

डेल रिओ, टेक्सास
रविवार, 16 नोव्हेंबर 2025

ती. आबांना शिरसाष्टांग नमस्कार,

फराळाचा डबा परवा पोचला. चकल्यांचा निम्मा भुगा झाला होता, तो मी चमच्यानं खाल्ला असं आईला सांगा. करंज्या मात्र शाबूत आहेत.

मागच्या रविवारी तुम्ही निपाणीचं काढलंत तेव्हा मी गाडी चालवत होते. "दादा म्हणतोय मशीन शॉप शिरोलीतनं पलीकडं कर्नाटकात न्यायचं, वीज स्वस्त पडते, तुझं काय मत?" आता ह्याला फोनवर काय उत्तर देणार? त्यात दादा मागनं बोलत होता, त्यामुळं कुणाचंच धड ऐकू आलं नाही. म्हणून सवडीनं लिहायला बसले.

गंमत म्हणजे गेले तीन आठवडे मी पगार घेऊन हेच काम करतेय. कंपनीला पंपाच्या बॉडीचं मशिनिंग आणि असेंब्ली मेक्सिकोत न्यायची आहे. सिउदाद आकुन्या नावाचं सरहद्दीवरचं गाव बघून ये आणि जायचं की नाही ते लिहून दे, असं मला सांगितलंय. मी राहते अलीकडं, डेल रिओत. इथली वस्ती पस्तीस हजारांच्या घरात. नदीपलीकडं आकुन्या, तिथं दीड लाखाच्या वर माणसं, म्हणजे आपल्या इचलकरंजीच्या निम्म्याहून थोडी जास्त. नदी एकच, पण अमेरिकेत तिला रिओ ग्रांद म्हणतात आणि मेक्सिकोत रिओ ब्राव्हो.

ह्या गावांचा धंदा तुम्हाला दोन मिनिटांत समजेल, कारण ते जॉबवर्कच आहे. कच्चा माल अमेरिकेतनं जकात न भरता तात्पुरता आत घ्यायचा, त्याची वस्तू करायची आणि परत बाहेर काढायची. असल्या कारखान्याला माकिलादोरा म्हणतात. माकिला म्हणजे पूर्वी गिरणीवाला दळणातनं स्वतःसाठी काढून घ्यायचा तो वाटा. धान्य दुसऱ्याचं, पीठही दुसऱ्याचं, आपली फक्त दळणावळ. अमेरिकेत शेतमजुरीला जायचा रस्ता 1964 साली बंद झाला, हजारो माणसं सरहद्दीवर रिकामी बसली, आणि त्यांना काम म्हणून 1965 पासून हे सुरू झालं. आकुन्यात आज मोटारींचं वायरिंग, सीटबेल्ट असलीच कामं जास्त.

सॅन अँटोनिओतल्या आमच्या साहेबांचा पहिला प्रश्न मजुरीचा. सरहद्दीच्या पट्ट्यात यंदा किमान मजुरी दिवसाला 419.88 पेसो आहे, बाकीच्या मेक्सिकोत 278.80. आपल्या पैशात अंदाजे दोन हजार आणि तेराशे. शिवाय 20 डिसेंबरच्या आत किमान पंधरा दिवसांचा बोनस, नफ्यातला 10 टक्के वाटा कामगारांना, आणि त्यांच्या घरांसाठी मजुरीच्या 5 टक्के भरायचे ते वेगळेच. साहेब म्हणाले, मग आत का जाऊ नये, सरहद्दीलाच का चिकटायचं? दादाचा प्रश्न ह्याच जातीचा आहे, फक्त मजुरीच्या जागी वीज.

मी पहिल्या आठवड्यात मजुरीचं काही विचारलंच नाही. दोन-तीन प्लांटमध्ये हजेरी बघायला मागितली, तीही सोमवारची. मग जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्याची. कारण बरीच माणसं लांबनं, व्हेराक्रूझसारख्या राज्यांतनं आलेली आहेत. नाताळला गावी जातात आणि त्यातली कितीतरी परत फिरकतच नाहीत. प्रत्येक गेटवर "ऑपरेटर पाहिजेत"चा फलक, बाहेर कंपनीच्या बसची रांग, आणि रोज वेळेवर आलं तर त्याचे वेगळे पैसे. हे बघून मला फौंड्रीवाले आठवले. छटपूजेला गेलेली पोरं आली का हो परत?

दुसरी गोष्ट पूल. आकुन्यातनं मालाचे ट्रक यायला पूल एकच. तिकडं धरणावरनंही रस्ता आहे, पण तो लहान गाड्यांना. आणि ट्रक सरळ येतो असंही नाही. मेक्सिकोतला ड्रायव्हर ट्रेलर सरहद्दीजवळच्या यार्डात आणून सोडतो, मग नुसतं पूल ओलांडणारं आखूड तोंडाचं धूड येतं, ते ट्रेलर ओढून अलीकडं आणतं, आणि पुढं अमेरिकन ट्रक तो उचलतो. चार मैलांच्या आत एका मालाला तीन डोकी. एका सकाळी मी थर्मास घेऊन तिथं उभी राहून रांग मोजली. पहिल्या तासात 31 ट्रेलर गेले, दुसऱ्या तासात 9. मधे काय झालं, विचारलं तर एकानं नुसते खांदे उडवले.

सप्टेंबर 2021 मध्ये ह्या पुलाखाली हैतीतनं आलेले पंधरा हजारांच्या आसपास लोक येऊन थांबले आणि पूल सुमारे आठवडाभर बंद झाला. सगळा माल पीएद्रास नेग्रासच्या पुलावरनं वळवावा लागला, म्हणजे नव्वदेक किलोमीटर लांब. पुढच्या एप्रिलात टेक्सास सरकारनं आपली वेगळी तपासणी लावली आणि पुलापुलांवर तासन्‌तास रांगा. प्लांट मॅनेजर हे सांगत होता तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आपला कोल्हापूरजवळचा शिरोलीचा हायवे आला. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगा रस्त्यावर आली, आठवडाभर एक ट्रक हलला नाही, आणि तुम्ही माळ्यावर चढून तयार जॉबच्या पेट्या मोजत बसला होतात. ग्राहकाला तुम्ही फोटो पाठवला होता, आठवतंय? त्यानं तरीही दंड कापला.

पाण्याची गंमत तर विचारूच नका. नदीवरचं मोठं धरण दोन्ही देशांनी मिळून बांधलं, 1969 साली. नाव आमिस्ताद, म्हणजे मैत्री. गेल्या काही वर्षांत त्यातलं पाणी फार खाली गेलंय आणि 1944 च्या करारातलं कुणी कुणाला किती द्यायचं यावरनं भांडण पेटलंय. आपण अलमट्टीच्या उंचीवरनं भांडतो ते पाणी जास्त होतं म्हणून. इथं नाही म्हणून. मैत्रीचं नाव दिलेल्या धरणावर वकील बसलेत.

हे सगळं मी अहवालात लिहीन. जकातीच्या रकान्यात मात्र पेन्सिलनंच आकडे टाकलेत, कारण मार्चात पोलादावर 25 टक्के होते ते जूनमध्ये 50 झाले, आणि अमेरिका, मेक्सिको, कॅनडा ह्या तिन्ही देशांचा व्यापार करार पुढच्या जुलैत परत तपासायला घेणार आहेत. पण ज्या गोष्टीला अहवालात रकानाच नाही, तीच तुम्हाला सांगायची आहे.

मंगळवारी मी एका प्लांटवर उभी होते. असेंब्लीच्या फिक्स्चरमधली, भाग नेमक्या जागी बसवणारी लोकेटिंग पिन तुटली. जाडीला माझ्या करंगळीएवढी, हार्डन करून ग्राइंड केलेली. दुसरी स्टोअरमध्ये नाही. टूलरूमवाला रजेवर. गावात दोन-तीन जॉबशॉप आहेत, त्यांना फोन लावला तर सगळे मोठ्या कंपन्यांच्या कामात बुडालेले, शुक्रवारच्या आत जमणार नाही म्हणाले. शेवटी पिन सॅन अँटोनिओहून मागवली. दोनशे चाळीस किलोमीटर, त्यात पूल आणि कागदपत्रं. गुरुवारी दुपारी आली. तोवर अठरा बायका लाइनच्या कडेला बाकावर बसून होत्या. एकीनं मला संत्र्याच्या फोडी दिल्या, वर तिखट-मीठ भुरभुरवून, अगदी आपल्या शाळेबाहेर पेरू मिळायचा तसं.

मी बसल्या बसल्या हिशेब केला. हीच पिन शिरोलीत तुटली असती तर? तुम्ही पोराला तुटका तुकडा रुमालात गुंडाळून दिला असता. पोरगं मोटरसायकलवर कोल्हापूरच्या उद्यमनगरात. टर्निंग एका गाळ्यात, शेजारच्या बोळात हार्डनिंग, समोर ग्राइंडिंग. मिस्त्री मायक्रोमीटर लावणार, "आबांना सांग, दोन मायक्रॉन जास्त ठेवलंय, बसवताना घासून घ्या" म्हणणार. चहा धरून तीन तास. पैसे महिन्याच्या हिशेबात. कुणी पर्चेस ऑर्डर मागणार नाही.

आकुन्यात कित्येक वर्षं कारखाने आहेत, बिल्डिंगी आपल्यापेक्षा चकचकीत आहेत, पण हे उभं राहिलेलं नाही. राहणार कसं? माल दुसऱ्याचा, ड्रॉइंग दुसऱ्याचं, मशीन बिघडलं तर माणूसही अमेरिकेतनं येतो. आपल्याकडं शाहू महाराजांनी 1906 ला गिरणी काढली, गूळपेठ वसवली, मग उसाच्या चरकाला आणि विहिरीवरच्या इंजिनाला सुटे भाग लागायला लागले. म्हादबा मिस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारखी माणसं दुरुस्ती करता करता ओतकामापर्यंत गेली. गिऱ्हाईक गावातलं होतं, म्हणून कारागीर गावात मुरला.

आता निपाणीचं. दादाला वाटतंय मी नको म्हणणार, तसं नाही. आकुन्यातली माणसं सरहद्द आहे म्हणून तिथं आहेत, रेघ पुसली तर निम्मं गाव उठेल. आपल्या रेघेवर 2017 नंतर जीएसटीमुळं करासाठी अडवणारं नाकंसुद्धा उरलं नाही, कागल सोडलं की कोगनोळीला कधी पोचलो कळत नाही. तिथं पूल, जकात काही आडवं येणार नाही. फरक एवढाच, की वीज बिलात दिसते आणि उद्यमनगर कुठल्याच बिलात दिसत नाही. शिरोलीहून ते पंधरा मिनिटांवर आहे, निपाणीहून चाळीस किलोमीटर. पोरगं दिवसातनं एकदा जाईल, तीनदा नाही. आणि आपले दोन जुने ऑपरेटर, ज्यांच्या बायका शिरोलीतच कामाला आहेत, ते येतील का, हे त्यांना विचारलंय का कुणी? आबा, तुम्ही विचारू नका. तुम्ही विचारलं तर ते हो म्हणतील. आईला त्यांच्या घरी पाठवा.

एक करा. उद्यापासून महिनाभर गेटवरच्या वहीत लिहून ठेवा: उद्यमनगरला कोण गेलं, कशाला गेलं, किती वेळात आलं, आणि तेवढ्यात कुठलं मशीन थांबलं. दादाकडनं लिहून घ्या, त्याचं अक्षर चांगलं आहे आणि त्यालाच ते बघायला पाहिजे. शेजारी त्या महिन्याची युनिटं मांडा, दोन्हीकडच्या दरानं. आणि दर नुसता आजचा धरू नका, तिथल्या कुणाची तरी तीन वर्षांची जुनी बिलं मिळवा. फोटो काढून मला पाठवा, मी इथनं तक्ता करून देते. महिन्याअखेर आकडा निपाणीकडं झुकला तर मी स्वतः दादाबरोबर जागा बघायला येईन, जानेवारीत पंधरा दिवस सुट्टी काढतेच आहे.

माझ्या अहवालात मी आकुन्याला हो लिहितेय, पण फक्त असेंब्लीला. मशिनिंग इकडंच ठेवा म्हणणार. साहेबांना ते आवडणार नाही.

आईच्या गुडघ्याचं काय झालं ते दोघांपैकी कुणी सांगत नाही, वहिनीला म्हणावं खरं खरं लिही. येताना पिशवीत तिखटाची जागा ठेवतेय, इथलं संपत आलंय. आणि ती तुटकी पिन मी मागून घेतलीय, टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवलीय. तुम्हाला दाखवायला आणीन, मोड बघून सांगा हार्डनिंग चुकलं होतं की लोड जास्त झाला.

तुमची,
धाकटी