केस कुठून गेला, ते आधी पाहा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

खांद्यापर्यंत केस वाढवण्याची हौस कॉलेजातल्या मुलांत वाढली आहे आणि टक्कल पडण्याची धास्तीही त्याच वयात सर्वांत जास्त आहे. मोरीच्या जाळीवर केसांचा पुंजका दिसला की मुलगा हबकतो आणि जाहिरातीत दिसेल ते तेल, सीरम, गोळ्या मागवतो. त्या पुंजक्याकडे आधी नीट पाहावे, एवढ्यासाठी हे पत्र.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस 2 ते 6 वर्षे वाढतो, मग वाढ थांबते, तीनेक महिने तो मुळाशी नुसता अडकून राहतो आणि गळतो. त्याच जागी पुढे नवा येतो. त्यामुळे रोज 50 ते 100 केस जाणे हे नित्याचे आहे. बारीक केस ठेवणाऱ्याचेही तेवढेच जातात, पण ते नजरेत भरत नाहीत. फूटभर लांबीचे पन्नास केस मात्र मूठभर दिसतात. त्यात तीन दिवसांनी डोके धुतले की तीन दिवसांचे दोनशे-अडीचशे केस एकदम हातात येतात.

त्यातला एक केस तळहातावर घेऊन उजेडात धरावा. एका टोकाला खसखशीपेक्षाही बारीक अशी पांढरी गाठ असेल, तर तो मुळापासून गळला आहे. दोन्ही टोकांना गाठ नसेल, केस आखूड आणि फाटलेला असेल, तर तो मधूनच तुटला आहे. तुटलेल्या केसाचे मूळ शाबूत असते, त्याला औषध नको, सवय बदलायला हवी. ओल्या केसांत बारीक दातांची फणी घालणे, खरखरीत टॉवेलने डोके घासणे, नुसते रबर बांधणे, रोज स्ट्रेटनर फिरवणे ही तुटण्याची नेहमीची कारणे. जुन्या सुती कापडाने केस टिपावेत आणि मोठ्या दातांच्या कंगव्याने आधी टोकाकडचा गुंता सोडवत वर यावे. कंडिशनर कानाच्या खालच्या भागाला लावावा, टाळूला नाही. बोअरच्या क्षाराच्या पाण्याने केस राठ होतात, पण त्याने टक्कल पडत नाही.

खोबरेल तेलाबद्दल स्पष्ट सांगायला हवे. धुण्याआधी दोन चमचे लावले तर केसाची झीज कमी होते, हे खरे. नवा केस मात्र त्याने उगवत नाही. कोंडा असलेल्याने रात्रभर तेल ठेवू नये, कारण कोंड्यामागच्या बुरशीला तेच खाद्य मिळते. गोटा केल्याने केस दाट येतात हाही समज चुकीचा आहे. कापलेले टोक बोथट असते म्हणून केस जाड भासतो, एवढेच.

केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला 15. बारीक कटापासून खांद्यापर्यंत यायला दोन-अडीच वर्षे लागणारच. सहाव्या ते नवव्या महिन्यात केस धड बांधताही येत नाहीत आणि मोकळेही राहत नाहीत, बहुतेक मुले तिथेच कंटाळतात. या काळात दर दोन महिन्यांनी मानेवरचे केस तेवढे कमी करून घ्यावेत आणि पुढचे वाढू द्यावेत, म्हणजे सगळे हळूहळू एका लांबीला येतात.

खरी काळजी घट्ट अंबाड्याची वाटते. रोज ताणून बांधल्याने कपाळाच्या आणि कानशिलांच्या कडेचे केस विरळ होतात. वर्षानुवर्षे घट्ट जुडा बांधणाऱ्या शीख पुरुषांत हा प्रकार वैद्यकशास्त्राला चांगला परिचित आहे. केस सोडल्यावर टाळू दुखणे, कडेच्या मुळांशी बारीक पुटकुळ्या येणे या पहिल्या खुणा. तेव्हाच सैल बांधायला लागले तर केस परत येतात. ओढ वर्षानुवर्षे राहिली तर मूळच मरते. हेल्मेटने टक्कल पडत नाही, पण त्याखाली उंच अंबाडा ठेवू नये. मानेवर सैल शेपटी बांधावी.

मुळापासून एकदम खूप केस जाऊ लागले तर कॅलेंडर दोन-तीन महिने मागे न्यावे. डेंग्यू, टायफॉइड, मोठी शस्त्रक्रिया, उपाशी राहून उतरवलेले वजन यांचा परिणाम तेवढ्या उशिराने दिसतो. ऑगस्टमधला डेंग्यू दिवाळीच्या सुमारास केसांत दिसतो. कारण दूर झाले असेल तर सहा महिन्यांत ही गळती बहुधा आपोआप थांबते. नाण्याएवढा गुळगुळीत गोल डाग पडला तर ती चाई, तिथे कांद्याचा रस चोळत बसू नये, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. आणि जानेवारी 2025 मध्ये बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात झाले तसे गावातल्या अनेकांचे केस काही दिवसांतच जाऊ लागले, तर आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावे.

आनुवंशिक टक्कल या सगळ्यापेक्षा वेगळे. त्यात मोरीत पुंजके दिसतीलच असे नाही. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकतात, भोवऱ्याभोवती केस बारीक होत होत लव होतात. भोवऱ्याजवळचा केस डोक्याच्या मागच्या केसाशेजारी ठेवला की जाडीतला फरक डोळ्यांना दिसतो. हा वारसा मामाकडूनच येतो असे नाही, वडिलांच्या बाजूनेही येतो. जिममध्ये घेतलेली स्टेरॉइड्स त्याला वेग देतात. इथे मात्र उशीर करू नये, कारण उपचार आहेत ते केस टिकवण्याचे.

5 टक्के मिनॉक्सिडिल हे द्रव औषध सकाळ-संध्याकाळ 1 मिलिलिटर, कोरड्या टाळूवर लावायचे असते. लांब केस असतील तर भांग पाडत पाडत थेंब टाळूवरच पोचवावेत, नाहीतर औषध केसांवरच वाळते. सुरुवातीच्या दीड-दोन महिन्यांत गळती वाढते, कारण नवा केस जुन्याला ढकलतो. नेमके तेव्हाच मुले औषध सोडतात. फरक चार-सहा महिन्यांनी कळतो आणि औषध थांबवले की मिळालेला फायदाही काही महिन्यांत जातो. घरात मांजर असेल तर थेंब सांडू देऊ नये, तिच्यासाठी ते विष आहे. याच टकलावरच्या फिनास्टेराइडच्या गोळ्या मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. काहींना लैंगिक तक्रारी व उदासीनता येते, म्हणून डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे. विशीच्या सुरुवातीला प्रत्यारोपणाची घाई करू नये. लावलेल्या केसांमागचे मूळचे केस नंतरही जात राहतात, लावलेले मात्र बेटासारखे उरतात.

एक विनंती आपल्याला. औषध नियम, 1945 (आधीचे औषध व सौंदर्यप्रसाधन नियम) यांच्या अनुसूची ‘जे’मध्ये टक्कल आणि नवे केस उगवणे या दोन्हींची नोंद आहे. ते बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये, असे हा नियम सांगतो. ‘15 दिवसांत घनदाट केस’ अशा जाहिराती आपण स्वीकारू नयेत. 15 दिवसांत केस फार तर अर्धा-पाऊण सेंटिमीटर वाढतो.

आपला,
एक त्वचारोगतज्ज्ञ, सातारा