एका मतानं हुकलं

ॲन आर्बर, मिशिगन

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

आपल्या राज्यघटनेतल्या समानतेच्या कलम १४ चा मुद्दा निघाला की तुम्ही दोन प्रश्न विचारता: कायद्यानं केलेल्या वर्गीकरणाला आधार आहे का आणि कायद्याच्या हेतूशी त्याचा संबंध लागतो का. इथे अमेरिकेत त्याच्याही आधी एक प्रश्न येतो आणि बरेचसे खटले तिथेच ठरतात: कोर्टानं कायद्याची छाननी किती कडक करायची?

धंद्यापाण्याचे नियम असले तर सरकारनं पटण्याजोगं काहीही कारण दिलं तरी चालतं. वंशावरून भेद केला असेल तर मात्र कडक छाननी. त्यातून कायदा क्वचितच वाचतो.

मला लिहायचंय ते बायकांबद्दल. सॅली रीडचा मुलगा वारला. मागे हजार डॉलरचीही मालमत्ता नव्हती. तरी आयडाहोचा कायदा सांगत होता, आईबाप सारखेच हकदार असले तर मालमत्तेचा व्यवस्थापक म्हणून पुरुषच नेमायचा. १९७१ साली सुप्रीम कोर्टानं तो एकमतानं रद्द केला, पण सगळ्यात सौम्य कसोटीच्या भाषेत. १९७३ साली हवाई दलातल्या शॅरन फ्रॉन्टिएरोच्या खटल्यात चार न्यायमूर्ती म्हणाले, स्त्री-पुरुष भेदालाही कडक छाननी लावा. पाचवं मत मिळालंच नाही. एका मतानं हुकलं, बाबा! ते वाचून मला रात्री झोप लागेना.

मधली पायरी आली ती १९७६ साली, बिअरच्या खटल्यात. ओक्लाहोमात ३.२ टक्क्यांची बिअर मुलींना १८ व्या वर्षी विकत मिळायची, मुलांना २१ व्या. सरकारनं आकडे मांडले: दारू पिऊन गाडी चालवताना त्या वयाची २ टक्के मुलं पकडली गेली, मुली ०.१८ टक्के. कोर्टानं विचारलं, २ टक्क्यांसाठी सगळ्यांनाच का अडवता? कायद्याचा हेतू महत्त्वाचा हवा आणि उपायाचा त्याच्याशी भक्कम संबंध हवा. म्हणजे स्त्रियांच्या हक्कांची आजची कसोटी मुलांच्या तक्रारीतून आली!

आपल्याकडे २००७ च्या अनुज गर्ग निकालात बायकांना बारमध्ये नोकरी नाकारणारं १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्याचं कलम पडलं. संरक्षणाच्या नावाखाली बायकांवर बंधनं घालणारा कायदा कडक तपासा, असं आपल्या कोर्टानं तिथे बजावलंय. मग हीच शिस्त प्रत्येक खटल्यात का पाळली जात नाही? मला ती पाळायला हवी असं ठामपणे वाटतं. खालच्या कोर्टात तुम्ही हा मुद्दा कसा मांडाल, सविस्तर लिहा.

आईला नमस्कार.

तुमची,
मृण्मयी