ऑनिंग धरून ठेवणाऱ्यांचे आभार

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आमच्या मोटरहोमचं (राहण्याची सोय असलेल्या गाडीचं) ऑनिंग, म्हणजे गाडीच्या बाजूला उघडणारं कापडी छत, सावरायला न बोलावता धावून आलेल्या शेजाऱ्यांचे मनापासून आभार. नावं विचारायची राहिली, धडा मात्र पक्का झाला. नुसत्या ऑनिंगच्या पायांना मेखा ठोकून भागत नाही. वारा खालून शिरला की कापड शिडासारखं फुगतं आणि आधी वाकतात ती घडीच्या दांड्यांची कोपरं. म्हणून कापडाच्या पुढच्या कडेच्या नळीवरून पट्टा टाकून तो जमिनीत मेखांना बांधायचा, टोकांना स्प्रिंग लावायची म्हणजे झोताचा हिसका तिथेच जिरतो. मेख 45 अंशांत, डोकं गाडीपासून दूर कललेलं. वाळूत मेख सुटते. तिथे वाळू भरलेली पिशवी आडवी पुरलेली बरी. पावसात एक पाय चार बोटं खाली, म्हणजे पाणी साचत नाही. झोपताना मात्र ऑनिंग गुंडाळायचंच, आभाळ कितीही निरभ्र असो. ओलं गुंडाळलं असेल तर पुढच्या मुक्कामी आधी वाळवायचं, नाहीतर बुरशी धरते. (तुमचा रबरी हातोडा आमच्याकडेच राहिलाय!)