लातूरच्या काकूंना, ॲशव्हिलहून

ती. काकूंना सा. न.

फोनवर आभाराचा विषय काढला की तुम्ही "ते राहू दे गं, बाबांच्या गुडघ्याचं काय झालं?" म्हणून बोलणं दुसरीकडे नेता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. उघड लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. 1 जून उजाडला की अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा हंगाम सुरू होतो. ह्यूस्टन, टॅम्पा, मायामीतली आपली माणसं खिडक्यांना फळ्या ठोकायच्या तयारीला लागतात आणि पुण्या-नागपुरात बसलेल्या त्यांच्या नातेवाइकांचा जीव टांगणीला लागतो. वादळ येऊन गेलं की सगळ्यांचा प्रश्न एकच, "काय पाठवू?" तुम्ही काय आणलंत आणि त्याआधी काय विचारलंत, हे त्यांनी वाचावं असं मला वाटतं.

2024 च्या हंगामात नाव मिळालेली 18 वादळं झाली, त्यातली 11 हरिकेन, म्हणजे तीव्र चक्रीवादळं. 1 जुलैला 'बेरिल'नं कॅरिबियनमधलं कॅरियाकू बेट पार झोपवलं. मग ते पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीला पोचलं, आणि हंगामात इतक्या लवकर त्या श्रेणीला पोचलेलं वादळ नोंदीत दुसरं नाही. आठवडाभरात तेच ह्यूस्टनवर जाऊन वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज घेऊन गेलं. हे सगळं आम्ही टीव्हीवर बघत होतो. आम्ही नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातली माणसं. गाव समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांवर, किनारा शेकडो मैल लांब. हवामान बदललं तरी इथं काही व्हायचं नाही, असं म्हणून लोक ॲशव्हिलला घरं घ्यायला येत होते.

'हेलीन' 26 सप्टेंबरच्या रात्री फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लागलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 140 मैल होता. पण इथली माती त्याआधीच भरली होती. वादळ यायच्या आदल्या दोन दिवसांत इथं धो धो पाऊस झाला होता आणि ओढे काठोकाठ वाहत होते. त्यात हेलीननं मेक्सिकोच्या आखातातून ओढून आणलेली वाफ इथल्या ब्लू रिज डोंगररांगेच्या भिंतीला धडकून वर चढली. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जुलैत जे होतं तेच, फक्त इथल्या नद्यांना आणि उतारांना त्याची सवय नाही. पलीकडच्या यॅन्सी काउंटीत तीन दिवसांत 30 इंचांहून जास्त पाऊस मोजला. डोंगरांतून दोन हजारांहून अधिक दरडी कोसळल्या. फ्रेंच ब्रॉड आणि स्वॉनानोआ, दोन्ही नद्यांनी 1916 च्या महापुराची पातळी ओलांडली. एकट्या नॉर्थ कॅरोलायनात शंभराहून जास्त माणसं गेली.

आमचं घर उंचावर, म्हणून वाचलं. अंगणातला ओक पडला तो कुंपणावर. त्या शुक्रवारी सकाळी आधी वीज गेली, मग फोन, आणि नंतर नळ. विजेची आणि फोनची वाट बघण्यात पाण्याकडे आमचं लक्षच नव्हतं. दुसऱ्या दिवशी गाडीतल्या रेडिओवर काउंटीची माहिती ऐकताना कळलं की धरणातून गावात येणाऱ्या मोठ्या जलवाहिन्याच वाहून गेल्यात. 2004 मध्ये 'फ्रान्सिस' आणि 'आयव्हन' या वादळांनी असंच गाव कोरडं पाडलं होतं. तेव्हा शहाणे होऊन शहरानं पंचवीस फूट खोल पर्यायी वाहिनी पुरली होती. या वेळी तीही गेली.

तुमचा निरोप आला तो रविवारी. वाचनालयाच्या वायफायसाठी बाहेर पायऱ्यांवर माणसं बसली होती, त्यांच्यातच मी. पुण्याच्या बहिणीनं कुठल्या ग्रुपवर काय टाकलं आणि ते फिरत फिरत आमच्याच राज्यातल्या शार्लट शहरात तुमच्यापर्यंत कसं पोचलं, देव जाणे. नंबर ओळखीचा नव्हता. "काळजी घ्या", "प्रार्थना करतोय" अशा मेसेजांच्या ढिगात तुमचा एकटाच मेसेज प्रश्नांचा होता. तो मी अजून पुसलेला नाही: "घरात माणसं किती? म्हातारं कोणी आहे का, औषधं काय? शेगडी गॅसची की विजेची? प्यायचं पाणी वाटतायत असं ऐकलं. वापरायचं कुठून आणता? संडासाला काय करता?"

शेवटचा प्रश्न वाचून मी खरंच हसले. दोन दिवस घरातले सगळे मनात हाच विचार करत होते आणि तोंडातून कोणी काढत नव्हतं. अमेरिकेत संकट आलं की बाटलीबंद पाणी ट्रकांनी येतं, आणि आलंही. चर्चच्या आवारात बाटल्यांचे मनोरे लागले होते. पण माणूस पितो किती आणि वापरतो किती? एका फ्लशला दीड गॅलन. त्या हिशेबानं बाटल्या फोडून संडासात ओतायच्या का? लोक ओढ्यातून बादल्या भरून आणत होते, आणि त्या ओढ्यांत मैला, डिझेल, कुणाच्या गॅरेजातली रसायनं, सगळं मिसळलेलं.

सोमवारी दुपारी तुम्ही आलात. शार्लटहून सरळ येणारा रस्ता बंद, म्हणून खाली साउथ कॅरोलायनात स्पार्टनबर्गला जाऊन तिथून आय-26 नं वर. मुलाचा पिकअप ट्रक, मागे 275 गॅलनचा चौकोनी टोट, म्हणजे प्लास्टिकची मोठी टाकी, वर ताडपत्री आणि पट्ट्यांनी आवळलेली पेट्रोलची कॅन. वाटेत पंपांवर रांगा असतील हे धरूनच तुम्ही निघाला होतात. गाडीतून उतरल्या उतरल्या तुम्ही पदर खोचावा तशी स्वेटशर्टाची बाही वर केलीत आणि म्हणालात, "बादल्या किती आहेत घरात?"

मग जे केलंत ते एवढ्याचसाठी सविस्तर लिहिते की कुणाच्या तरी उपयोगी पडेल. तुम्ही चिकटपट्टीवर मार्करनं लिहून प्रत्येक बादलीला ती लावलीत: पिणे, भांडी 1, भांडी 2, संडास. खाली इंग्रजीतही, शेजाऱ्यांसाठी. भांडी पहिल्या बादलीत घासायची, दुसरीत थोडं ब्लीच घालून विसळायची. पहिली गढूळ झाली की ती संडासाला, दुसरी तिच्या जागी, आणि नवं पाणी दुसरीला. हात धुतलेलं पाणीही खाली परातीत धरायचं. आणि भांडी मुळात कमी निघावीत म्हणून मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाला आणलेल्या आणि उरलेल्या पत्रावळींचा गठ्ठा. अनंत चतुर्दशी होऊन दोन आठवडेही झाले नव्हते! बुटेनच्या डब्यांवर चालणारी छोटी शेगडी, कारण आमचा ओटा विजेचा. बाबांच्या बीपीच्या गोळ्या. मेतकूट. ते कोणीच मागितलं नव्हतं, पण त्या रात्री गरम मऊभातावर ते पडलं तेव्हा आमचा धाकटा चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवला.

बाबांनी तुम्हाला माहेर विचारलं तो संवाद आमच्या घरात आता पाठ झालाय.

"लातूर."

"मग आमचं पाणी प्यायलाय तुम्ही. आम्ही मिरजेचे."

"प्यायलोय की! सोळा सालचा उन्हाळा तिथंच होते आईकडे. म्हणून तर परत घेऊन आलेय."

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेच्या वाघिणींतून पाणी गेलं, ते आम्ही बातम्यांत वाचलं होतं. पाण्याच्या टाक्यांपाशी हाणामारी होऊ नये म्हणून तिथं जमावबंदी लावली होती, हेही. पण त्या उन्हाळ्यात घराघरांत बायकांनी पाण्याचा हिशेब कसा बसवला, ते बातमीत नव्हतं. ते तुमच्या हातात होतं.

शेजारच्या आजींचं तर वेगळंच. ऐंशी ओलांडलेली बाई, एकटी, दारात पाण्याच्या बाटल्यांची थप्पी, आणि लाजेपायी कुणाला काही सांगत नव्हती. तुम्ही तिच्या बाथरूममध्ये शिरलात आणि बादली कशी मारायची ते करून दाखवलंत: हळूहळू ओतायचं नाही, जरा उंचावरून, एका दमात. आयुष्यभर दट्ट्या दाबणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवलेलंच नसतं. पुढे शहरात स्वयंसेवकांनी म्हाताऱ्या माणसांच्या इमारतींत जिने चढून हेच काम हाती घेतलं, घरोघरी जाऊन फक्त संडासात पाणी ओतायचं. त्यांचे फोटो फारसे छापून आले नसतील. माझ्या मते त्या महिन्यातलं सगळ्यात मोलाचं काम ते होतं. दुसऱ्या टोकाला जुन्या कपड्यांचे डोंगर. ते निवडायला, वाळवायला आणि शेवटी टाकून द्यायला माणसं लागत होती. पाठवणाऱ्यांचं मन चांगलं होतं, पण आधी एक फोन केला असता तर काय बिघडलं असतं?

त्यानंतर तुम्ही येतच राहिलात. आणि त्याच दिवसांत तुमच्या घरात काय चाललंय याचा आम्हाला पत्ता नव्हता. हेलीनला दोन आठवडे होत नाहीत तोच 'मिल्टन' आलं. 7 ऑक्टोबरला आखातात त्याचा वारा ताशी 180 मैलांवर गेला आणि टॅम्पाच्या लोकांनी उत्तरेची वाट धरली. तुमची भाची, तिचे सासू-सासरे, पोरं, कुत्रा, सगळे शार्लटला तुमच्याकडे. 9 तारखेच्या रात्री वादळ सारासोटाजवळ सिएस्टा कीला लागलं तेव्हा तुम्ही त्यांच्याबरोबर जागत होतात आणि सकाळी आमच्यासाठी थालीपिठाची भाजणी मोजून पिशव्या भरत होतात. मला हे भाचीकडून कळलं, तेही डिसेंबरात. गजबजलेला हंगाम म्हणजे काय, ते मला आकड्यांपेक्षा यातून जास्त कळलं. पहिल्या वादळाचा चिखल उपसून व्हायच्या आत दुसऱ्याचे पाहुणे दारात, आणि मदत करणारी माणसं मात्र तीच.

स्वॉनानोआत राहणारी माझी सहकारी तुम्हाला आठवत असेल. भाड्याचं घर गळ्यापर्यंत पाण्यात गेलं होतं. मदतीच्या अर्जावर "पात्र नाही" असं पत्र आल्यावर ती ते फाडायला निघाली होती. तुम्ही बँकेत आयुष्य काढलेल्या. चष्मा लावून तुम्ही ते पत्र मागून पुढे वाचलंत आणि तिसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवलंत: विम्याचा कागद जोडलेला नाही, एवढंच म्हणणं आहे, अपिलाला साठ दिवस आहेत. त्या दुपारी ओट्यावर बसून तिच्याकडून अपील लिहून घेतलंत. पैसे आले, काकू. सगळं भरून निघालं नाही, पण नव्या जागेची अनामत त्यातून गेली. तिनं तुम्हाला कळवायला सांगितलं होतं आणि माझ्याकडून ते राहिलं, म्हणून इथं लिहिते.

नळाला ऑक्टोबरच्या मध्याला पाणी आलं ते चहाच्या रंगाचं आणि क्लोरीनच्या वासाचं, फक्त वापरायचं. धरणाचा तळ इतका ढवळला होता की गाळ खाली बसेना. शेवटी जलाशयातच ॲल्युमिनियम सल्फेट सोडलं. मी फोनवर सांगितलं तेव्हा तुमचं हसू थांबेना: "एवढं मोठं धरण, एवढे मोठे इंजिनिअर, आणि शेवटी तुरटीच फिरवली ना?" शाळा सुरू करायची म्हणून आवारात बोअर घेतले, हे ऐकल्यावर तर तुम्ही म्हणालात, "आता ॲशव्हिल आमच्या मराठवाड्यात आलं." प्यायचं पाणी नळाला आलं ते 18 नोव्हेंबरला, वादळानंतर 53 दिवसांनी.

त्यामधेच दिवाळी. नरक चतुर्दशीला तुम्ही आम्हाला सगळ्यांना शार्लटला बोलावून घेतलंत. पहाटे उठवून तेल, उटणं, आणि मग शॉवरखाली हवा तेवढा वेळ. थोरली अर्धा तास बाहेर आली नाही. मी दार वाजवायला निघाले तर तुम्ही माझा हात धरलात आणि म्हणालात, "असू दे. आज बिल मी भरतेय."

आता कामाचं. टोट आम्ही आतून धुऊन घेतलाय आणि 1 जूनच्या आत भरून ठेवतोय. तो परत मागू नका, गल्लीतल्या सहा घरांनी त्यावर हक्क सांगितलाय. शेगडीची खटकी बिघडली होती, ती बदलली. पट्ट्या लावलेल्या बादल्यांपैकी 'भांडी 2' आणि 'संडास' शेजारच्या आजींकडे आहेत. संडासाच्या बादलीत त्यांनी टोमॅटो लावलेत आणि त्यावरचं मराठी नाव पाहुण्यांना मोठ्या कौतुकानं वाचून दाखवतात. अर्थ मी अजून सांगितलेला नाही. तुम्ही आलात की तुम्हीच काय ते बघा.

बाबांचा गुडघा बरा आहे.

तुमची,
ॲशव्हिलची सून
(हे नातं तुम्हीच लावलंत, मी नाही)